खरा अशोक बियापासून कसा वाढवायचा: गोव्यातल्या परसासाठी आणि कुळागरासाठी

आमच्या फोंड्याच्या बाजूला कुणालाही विचारा, अशोकाचं झाड कुठेय, तो गेटजवळच्या त्या उंच सरळ खांबासारख्या झाडाकडे बोट दाखवणार. शाळेच्या कंपाउंडला, बँकेसमोर, नव्या बंगल्यांच्या दोन्ही बाजूला तेच असतं. ते अशोक नव्हे. ते सीताफळाच्या कुळातलं झाड आहे, खोटा अशोक म्हणतात त्याला, काहीजण आसुपालव म्हणतात. झाड म्हणून त्याचं काही वाईट नाही पण त्याने नाव घेतलंय दुसऱ्याचं आणि त्यामुळे ज्याचं नाव आहे तो लोकांच्या डोळ्यांपुढून गेलाच. खरा अशोक म्हणजे सीता अशोक, रावणाने सीतेला ज्या अशोकवनात ठेवलं त्या नावाचा, तो शेंगांच्या कुळातला. सराका नावाची प्रजाती आहे, तिच्यात दहा-बारा जाती, सगळ्या भारत-श्रीलंकेपासून आग्नेय आशियापर्यंतच्या उष्ण आणि ओल्या जंगलांतल्या, आणि आपला अशोक म्हणजे सराका असोका. जुन्या पुस्तकांत सराका इंडिका लिहिलेलं दिसेल पण ते नाव जावाकडच्या जातीचं, आपल्यावर चुकून चिकटलेलं. कुळातला याचा जवळचा नातेवाईक सांगायचा तर आपली चिंच.

जंगलातून साल ओरबाडून ओरबाडून हे झाड इतकं कमी झालंय की आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीत ते असुरक्षित म्हणून नोंदलंय. आणि गोव्यात त्याला हवं ते सगळं आहे, सावली आहे, पाट आहे, व्हाळ म्हणजे ओढा आहे, पाऊस आहे. तरी लोक लावत नाहीत, किंवा लावतात आणि दोन वर्षांत मरतं. बिघडतं ते बहुतेक दोन कारणांनी. बी शिळं असतं, नाहीतर झाड उन्हात लावलेलं असतं. मी दोन्ही चुका केल्यात म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

आधी ओळख पक्की करा

झाड मोठं असेल तर प्रश्नच नाही. पसरट डेरेदार, बारा महिने हिरवं, वीस-पंचवीस फुटांपर्यंत साधारण जातं आणि शिगमोच्या म्हणजे होळीच्या सुमारास फांद्यांवरच, कधी कधी जुन्या खोडावर सुद्धा, फुलांचे घोस चिकटलेले दिसतात. फूल उमलताना पिवळट केशरी, मग दिवसागणिक लाल होत जातं, म्हणून एकाच घोसात तीन-तीन रंग. जवळ जाऊन एक फूल हातात घेऊन बघा, पाकळ्या वाटतात त्या चार आहेत पण त्या पाकळ्या नव्हेत, ती निदलं म्हणजे कळीचं बाहेरचं आवरण आहेत, या फुलाला पाकळ्याच नसतात. आणि मधून बाहेर आलेले लांब लालसर केसर, बहुतेक फुलांत सात. वास संध्याकाळनंतर जास्त येतो.

रोप विकत घेताना मात्र फूल नसतं, आणि गोंधळ होतो तो तिथेच. मला एका नर्सरीत खोटा अशोक "सीता अशोक" म्हणून दिला होता आणि घरी येऊन तीन महिन्यांनी कळलं. त्यानंतर मी एक खूण शिकले ती कुणालाही जमते. खऱ्या अशोकाचं पान संयुक्त असतं, म्हणजे एका देठावर समोरासमोर पर्णिकांच्या जोड्या, मोठ्या झाडावर तीन ते सहा जोड्या, टोकाला एकटी पर्णिका नाही. लहान रोपावर जोड्या एक-दोनच असू शकतात. आता तुम्हाला शंका आली की हे एक पान आहे की डहाळीवरची सुटी पानं, तर देठ जिथे चिकटलाय तिथल्या काखेत बघा. जिथे बारीक कळी म्हणजे अंकुराचा ठिपका दिसतो ते पानाचं बूड. पर्णिकेच्या बुडाशी असा ठिपका कधीच नसतो. खोट्या अशोकात प्रत्येक पानाच्या काखेत कळी मिळते, पानं एकाआड एक असतात आणि कडा लाटांसारख्या. एवढं बघितलंत तर फसणार नाही.

अजून एक, पिवळ्या फुलांचा अशोक मिळतो बागांमध्ये, तो सराकाच पण मलायाकडचा, सराका थाईपिंगेन्सिस. दिसायला सुंदर आहे पण तो आपला नव्हे. देवळाच्या आवारात किंवा देवराईजवळ लावायचा असेल तर विचारून घ्या कुठला आहे.

बी कधी आणि कुठून

शेंगा फुलं गेल्यावर धरतात. लांब, चपट्या, चामड्यासारख्या, कोवळ्या असताना जांभळट लाल झाक असलेल्या, आणि पिकल्या की काळपट तपकिरी होऊन वाळून दोन कवचांत फुटतात. एका शेंगेत चार ते आठ बिया, चपट्या आणि मोठ्या, वालाच्या दाण्याला मोठं करून दाबलं तर दिसेल तशा. आपल्याकडे मे अखेरपासून पुढे पावसातच शेंगा पिकतात. फुलं इतकी येतात पण शेंगा त्या मानाने फार कमी धरतात, त्यामुळे एका झाडाखाली पोतंभर बी मिळेल अशी अपेक्षा नको, आणि खारी तुमच्या आधी पोचलेल्या असतात.

बी आणायचं ते लावलेल्या झाडाखालून, म्हणजे कुणाच्या कुळागरात (पोफळी-माडांच्या बागेत), देवळाच्या बागेत, सरकारी बागेत परवानगी विचारून. अभयारण्यातून काहीही उचलायचं नाही, वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे आणि तो बियांना पण लागू होतो, आणि कायदा सोडला तरी तिथली दोन-चार रोपं तिथेच उगवायला हवीत. देवराईतून पण नको. तिथलं पान सुद्धा घरी न्यायचं नाही हे आमच्या आज्यांनी सांगितलंय आणि ते बरोबरच होतं. शक्य असेल तर दोन-तीन वेगवेगळ्या झाडांचं बी मिसळा, सगळी रोपं एकाच आईची झाली तर पुढे त्यांच्यात फरक कमी राहतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. हे बी साठवता येत नाही. आपण मिरची, भेंडी, काकडी यांचं बी वाळवून राखेत घालून ठेवतो ना, तसं अशोकाचं केलंत तर ते मेलंच. फणसाच्या, आंब्याच्या बाठ्यासारखं ते आहे, आत ओल आहे तोवर जिवंत. पहिल्या वर्षी मी वीस बिया आणल्या, छान सुपात घालून माळ्यावर वाळवल्या, चवथीची गडबड संपल्यावर पेरू म्हणून कागदाच्या पिशवीत ठेवल्या. पेरल्या तेव्हा दाबून बघितलं तर आतला गर आक्रसून सालीपासून सुटलेला आणि हलवलं की खुळखुळ आवाज. वीसातली एकही उगवली नाही. झाडाखालून उचलल्यापासून आठवड्याच्या आत पेरा, दोन-तीन दिवसांत पेरलंत तर उत्तम. अगदीच उशीर होणार असेल तर ओल्या भुशात किंवा ओलसर वाळूत, हवा जाईल अशा डब्यात सावलीला ठेवा पण ते काही दिवसांपुरतंच, आणि फ्रिजमध्ये अजिबात नको.

पेरणी

शेंग उघडून बी काढलं की आधी हातात तोलून बघा. जड, टणक, गुळगुळीत असेल तर ठेवा, सुरकुतलेलं, भोक पडलेलं, हलकं असेल तर टाका. मग रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला. सकाळी वर तरंगणारी बाजूला काढून दाबून बघा, बहुतेक पोकळ किंवा किडलेली निघतात. गरम पाणी, ॲसिड, घासणं हे काही करू नका, ते सगळं कडक सालीच्या बियांसाठी असतं आणि शेंगांच्या कुळातलं झाड म्हटलं की लोक सरसकट तेच सांगतात. अशोकाची साल पातळ आहे, गरम पाणी घातलंत तर बी शिजेल.

पिशव्या सहा बाय नऊ इंची घ्या, खाली आणि बाजूला भरपूर भोकं पाडा. माती कुठली? आपली नुसती तांबडी जांभी माती पावसात चिखल होते आणि उन्हाळ्यात विटेसारखी घट्ट, म्हणून दोन भाग माती, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत, एक भाग नदीची वाळू, आणि मिळालं तर कुळागरातला पोफळीखालचा कुजलेला पाला मूठ-दोन मूठ. पाला मी नेहमीच घालते कारण मोठं होऊन झाड अशाच मातीत उभं राहणार आहे. ताजं शेण घालू नका, उष्णता धरतं आणि बुरशी आणतं.

बी आडवं ठेवा, चपट्या अंगावर, आणि वर अर्धा ते पाऊण इंच माती. खोल गाडू नका. पहिल्यांदा पाणी झारीने. मग पिशव्या पागोळ्या पडणार नाहीत अशा जागी पण उजेड येईल अशा ठिकाणी ठेवा. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर, तो सरळ पिशवीत पडला तर माती वाहून जाते आणि बी कुजतं. मी आमच्या गोठ्याच्या पडवीच्या कडेला ठेवते आणि समोर पन्नास टक्क्यांचं हिरवं नेट बांधते. पावसाळ्यात पाणी रोज घालायची गरज नसते, बोट खुपसून बघायचं, ओलं असेल तर सोडून द्यायचं. या झाडाला ओल आवडते म्हणून लोक पिशवीत तळं करतात, पण ओल वेगळी आणि साचलेलं पाणी वेगळं.

दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसायला लागतो, काही बिया महिना-दीड महिना घेतात, तेव्हा पंधरा दिवसांत उकरून बघू नका, उकरताना मुळाचं कोवळं टोक तुटतं आणि मग ते बी खरंच जातं. रोप देठाशी काळं पडून आडवं झालं तर ती बुरशी, ती पिशवी लगेच लांब करा, बाकीच्यांत अंतर वाढवा, वारा खेळू द्या. शेजारच्या पिशव्यांचं पाणी दोन दिवस बंद.

पानं लोंबकळली म्हणून घाबरू नका

यावर मला वेगळं लिहायचंच होतं कारण दर वर्षी कुणीतरी फोटो पाठवून विचारतं, रोप सुकलं का? अशोकाची नवी पालवी उभी येत नाही. तांबूस गुलाबी, तपकिरी रंगाची, मऊ, ओल्या रेशमी धाग्यांच्या गोंड्यासारखी खाली लोंबत येते. बोटाने उचललीत तर परत खाली पडते, ताठपणाच नसतो तिच्यात. तो रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्याचा, हिरवं द्रव्य नंतर भरतं. आठवड्या-दोन आठवड्यांत ती हळूहळू हिरवी होते, कडक होते आणि आडवी ताठ राहते. लोक ही पालवी बघून सुकलंय समजतात आणि बादलीने पाणी घालतात, खत घालतात, औषध मारतात, आणि रोप खरोखर मरतं ते त्यामुळे. सुकलेलं रोप ओळखायचं असेल तर जुन्या हिरव्या पानांकडे बघा, ती लोंबलीत तर पाण्याची अडचण, नवी लोंबलीत तर झाड ठणठणीत आहे. त्या दिवसांत मात्र हात लावू नका आणि पिशवी इकडून तिकडे हलवू नका, कोवळी पालवी लगेच मोडते.

जागा

मावशीच्या कुळागरात पाटाच्या काठावर एक जुना अशोक आहे, पोफळींच्या मधोमध, वर माडाची सावली आणि खाली मिरीवेल. माझं पहिलं विकत आणलेलं खरं रोप मी हौसेने अंगणात समोर, तुळशीच्या पलीकडे लावलं होतं, दिसावं म्हणून. एप्रिलमध्ये पानांच्या कडा करपल्या, मे मध्ये शेंडा वाळला. मावशी आली, बघितलं आणि म्हणाली, "अगो, हे पाटाचं झाड, अंगणाचं नव्हे. वर आई-बापासारखी मोठी झाडं हवीत त्याला." पुढच्या जूनला तिने स्वतःच्या हाताने दुसरं रोप दिलं आणि जागा पण तिनेच दाखवली, विहिरीच्या खालच्या अंगाला जिथे न्हाणीघराचं पाणी झिरपून जातं.

जागा निवडताना हेच बघायचं. सकाळचं ऊन चालतं, दुपारी दोनचं नाही, निदान पहिली चार-पाच वर्षं नाहीच. जमिनीत ओल हवी पण पाणी वाहतं हवं. व्हाळाचा काठ, पाटाची बाजू, कुळागराची कड, विहिरीचा उतार, देवळाच्या तळीजवळ मोठ्या वडा-पिंपळाच्या सावलीत. सड्यावर, कातळावर, भरड जमिनीत लावू नका, तिथे काजू, करवंद, किंदळ यांना राहू द्या. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात पानं करपतात, म्हणून किनाऱ्याला लागून घर असेल तर घराच्या आडोशाला, जमिनीच्या बाजूला. फ्लॅटच्या बाल्कनीत कुंडीत ठेवलंत तर पालवीचा आनंद मिळेल काही वर्षं, फुलांची आशा कमी.

घराच्या भिंतीपासून बारा-पंधरा फूट लांब ठेवा, दोन अशोक असतील तर मध्ये तेवढंच अंतर. गोव्यात 1984 च्या वृक्ष जतन कायद्याने खाजगी जागेतलं झाड तोडायला पण परवानगी लागते, म्हणून जागा आत्ताच नीट ठरवा, मागाहून पश्चात्ताप नको.

लावणी आणि पहिले दोन उन्हाळे

रोप त्याच वर्षी जमिनीत घालू नका. जुलैत पेरलं तर पुढच्या जूनपर्यंत पिशवीतच सांभाळा, मध्ये एकदा जानेवारीच्या सुमारास मोठ्या पिशवीत हलवा म्हणजे मूळ गोल गोल गुंडाळत नाही. हिवाळा संपल्यावर पाणी एक दिवसाआड, मे मध्ये रोज संध्याकाळी.

खड्डा दोन फूट लांब, रुंद, खोल, आणि तो मे मध्येच खणून उघडा ठेवा म्हणजे उन्हाने तापतो. खाली चिऱ्याचा थर लागला तर पहारीने फोडा, नुसता वरवर खणून सोडलात तर ते चिऱ्याचं भांडं होतं आणि पावसात मूळ त्यात बुडतं. मृगाचे पहिले चार-पाच पाऊस होऊन जमीन आतपर्यंत भिजली की, साधारण जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, शेणखत आणि वरची माती मिसळून भरा आणि रोप लावा. वाळवीचा त्रास असेल तिथे मूठभर निंबोळी पेंड. पिशवी ब्लेडने उभी कापा, मातीचा गोळा फुटता कामा नये. पिशवीत जिथपर्यंत माती होती तिथपर्यंतच जमिनीत, बुंधा गाडू नका. माती सभोवती थोडी उंच ठेवा म्हणजे पाणी बुडाशी थांबणार नाही. एक काठी रोवून सैल दोरीने आठ आकाराचा बांध द्या, आणि गुरं येत असतील तर काट्यांचं कुंपण.

गोव्यात रोप पावसाळ्यात मरत नाही, ते मरतं फेब्रुवारी ते मे. ऑक्टोबर संपला की लगेच आच्छादन घाला, माडाच्या झावळ्या, पोफळीची पानं, सुकं गवत, चार-पाच इंच जाडीचा थर, पण बुंध्यापासून वीतभर लांब. मी जुनं मातीचं मडकं घेते, बुडाला बारीक भोक पाडून त्यात कापसाची वात घालते आणि रोपापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरते, आठवड्यातून दोनदा भरलं की पुरतं आणि पाणी मुळाशीच झिरपतं. दोन उन्हाळे असं सांभाळलंत तर तिसऱ्या वर्षापासून झाड स्वतःचं बघतं. दुपारचं ऊन लागत असेल तर पश्चिमेच्या बाजूला केळीचे दोन कोंब लावून टाका, वर्षभरात सावली तयार.

खत जास्त नको. वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि पावसाळा संपताना, एक घमेलं शेणखत. युरिया घालू नका.

पानं कुणी खाल्लेली दिसली तर आधी उलटून बघा. कॉमन इंपीरियल नावाचं एक लांब पांढऱ्या शेपटीचं फुलपाखरू अंडी घालायला अशोकाची कोवळी पालवी निवडतं, त्याचे सुरवंट थोडी पानं खातात आणि निघून जातात. झाडाला काही होत नाही. औषध मारू नका, ही फुलपाखरं यायला हवीत म्हणून तर देशी झाडं लावायची. रोप अगदी लहान असून शेंडाच खात असतील तर हाताने उचलून मोठ्या झाडावर सोडा, बस.

फुलं, छाटणी आणि सालीबद्दल

बियापासून लावलेलं झाड साधारण सहा-सात वर्षांनी फुलतं, जागा चांगली असेल तर थोडं आधी. छाटणी फार करायची नसते. वाळलेली, मोडलेली फांदी काढा, तीही पावसाळा संपल्यावर. फुलं जुन्या फांद्यांवर येतात हे लक्षात ठेवा, त्यामुळे "झाडाला आकार देऊ" म्हणून डिसेंबर-जानेवारीत छाटलंत तर त्या वर्षीची फुलं तुम्हीच कापून टाकलीत.

चैत्र शुद्ध अष्टमीला अशोकाष्टमी म्हणतात, त्या दिवशी अशोकाच्या आठ कळ्या पाण्यात घालून पितात. आमच्या घरी हे बंद पडलं होतं कारण झाडच नव्हतं आणि खोट्या अशोकाच्या कळ्या चालत नाहीत. झाड फुललं त्या वर्षी आईने एका घोसातल्या आठच कळ्या मोजून घेतल्या, बाकी घोस तसाच ठेवला.

सालीचं मात्र स्पष्ट सांगते. अशोकाची साल आयुर्वेदात बायकांच्या तक्रारींसाठी शेकडो वर्षं वापरली जाते, मागणी प्रचंड आहे, आणि बाजारात खोट्या अशोकाची साल मिसळून विकतात हे पण सगळ्यांना माहीत आहे. तुमचं झाड मोठं झालं की कुणीतरी "थोडीशी साल द्या हं" म्हणत येणारच. देऊ नका. खोडाभोवती साल काढली की पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत उतरायचा रस्ता तुटतो, आणि सगळीकडून गोल काढली तर झाड उभ्या उभ्या मरतं. एका बाजूची काढली तरी त्या जखमेतून पावसात बुरशी शिरते. औषध हवं असेल तर वैद्याकडे जा, मनाने काढा करून पिऊ नका. मागायला येतील त्यांना मी एक रोप देते, ते सगळे आनंदाने घेतात.

त्यासाठीच दर जूनला आठ-दहा पिशव्या जास्त भरून ठेवते. शेंग काळपट दिसायला लागली की सकाळी उठून झाडाखाली चक्कर मारायची, रात्री पाऊस पडून गेला असेल तर नक्कीच, कारण फुटलेल्या शेंगांच्या बिया तेव्हाच पाल्यावर पडलेल्या मिळतात, खारी उठायच्या आत. त्याच दिवशी भिजत घाला.